वायर वैनींच्या गच्चीवरून

घरी इंटरनेट घेतोय म्हटल्यावर सोलापुरात सल्ले फुकट मिळतात, अडतं ते वायरीशी.

मेव्हण्यांचा आग्रह टेलिफोनच्या तांब्याच्या तारेचा. "दोन एमबी मिळालं तरी बास की!" 2004 साली सरकारनं 256 केबीपीएसलाही, म्हणजे त्याच्या साधारण आठव्या हिश्श्याच्या वेगालाही, ब्रॉडबँड (वेगवान इंटरनेट) म्हटलं होतं; 2023 पासून किमान 2 एमबीपीएस लागतात. म्हणजे मेव्हणे नियमात बसतात, पोरांचं भागत नाही. भाच्यानं सॅटेलाइट काढलं. जुन्या पद्धतीचा उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर वर; बोललेलं पोचून उत्तर यायला अर्धा सेकंद सहज जातो. एवढ्या वेळात आमच्या घरात विषय बदललेला असतो. फाइव्ह-जीचा डबा गच्चीत लावावा म्हटलं, तर टॉवरच्या बाजूला तीन मजली भिंत.

राहिलं फायबर. उत्तर कसब्यातल्या आमच्या बोळात खांबावरनं घरात यायला वायरीला एकच वाट, शेजारच्या वैनींची गच्ची. महिना एप्रिलचा. गच्चीभर कुरडया.

"करंट उतरला कुरडयांत, तर?" वैनी.

"ह्यात करंट नसतंय ओ काकू. आत केसासारखी काच असतंय, तेच्यातनं उजेड जातंय," वायरवाला पोरगा.

"मग रात्री चमकंल की."

तो उजेड इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसत नाही, असं मी शास्त्रोक्त सांगितलं. न दिसणाऱ्या उजेडावर तर वैनींचा मुळीच विश्वास बसेना. शेवटी करार झाला: वायर कुरडयांवरनं जाणार नाही, कठड्याच्या कडेनं वळसा घेईल, आणि वाय-फायचा पासवर्ड वैनींकडे राहील. पोरानं वळसा ऐसपैस दिला. फायबर काटकोनात मोडलं की आतला उजेड बाहेर सांडतो.

जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघायच्या म्हणून मिरवणुकीच्या वाटेवरच्या आडव्या वायरी काढल्या. राउटरशेजारच्या डबीतला दिवा लाल, म्हणजे नेट बंद. सिद्धरामेश्वरांपुढं तक्रार कोण करणार? मी गप्प बसलो. वैनी नाही बसल्या. कंपनीला फोन त्यांनीच लावला, माझा ग्राहक क्रमांक त्यांना तोंडपाठ.

वायर जोडून झाली त्या संध्याकाळी कठड्यावरनं हाक आली, "भावजी, प्लॅन जरा मोठा घ्या ओ यंदा. सुट्टीला माझी भाचरं येणारेत."