व्हॉल्व्हचा नट टायर धरत नाही

‘रिम लॉक म्हणजे कंपन्यांनी गळ्यात मारलेलं लोढणं’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज ऑफ-रोड, म्हणजे दगडमातीत मोटरसायकल चालवणाऱ्यांमध्ये जोरात फिरतोय (रिम लॉक म्हणजे टायर रिमवर दाबून धरणारा चिमटा). तो फिरत फिरत पुतण्याकडे पोचला आणि त्याने खाली एवढंच लिहून पुढे पाठवला : ‘काका, मग काढून टाकू का?’

नको काढूस. आणि मेसेज पुढेही पाठवू नकोस.

त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं. रिम लॉक काढा, वजन वाचेल. त्याऐवजी व्हॉल्व्हचा नट रिमवर करकचून आवळा. तरीही टायर सरकला तर रिमला बाजूने स्क्रू मारा. टायर चढवताना ग्रीस लावा. ट्यूबला पावडर लावू नका, ती घसरते. आणि जाड ट्यूब किंवा सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव्य) घातलं की विषय संपला.

दुसऱ्या कलमापासून सुरू करतो, कारण धडधाकट ट्यूब फाडायची याहून खात्रीची युक्ती नाही.

टायरची कड रिमवर दाबून बसते ती आतल्या हवेमुळे. दगडमातीत पकड मिळावी म्हणून हवा 12–15 पीएसआयवर आणली की ती कडही सैलावते. आता मागच्या चाकाचा विचार करा. चेन फिरवते रिमला, आणि टायरला जमीन अडवते. थ्रॉटल पिळला की रिम पुढे जाते, टायर कणभर मागे राहतो. पुढच्या चाकाला उलटं : ब्रेक रिमला धरतो आणि टायर पुढे सरकतो. एका वेळी दोन-चार मिलिमीटरच, पण दिवसभर तेच चालू. ट्यूब टायरला आतून चिकटलेली असते, म्हणून तीही त्याच्यासोबत जाते. व्हॉल्व्हची दांडी मात्र रिमच्या भोकात अडकलेली. मग ती तिरकी होते.

नट रिमपासून लांब असेल तर हे तिरकेपण बाहेरून चक्क दिसतं. हवा सोडायची, कड मोकळी करायची, टायर जागेवर आणायचा, ट्यूब वाचली. नट आवळलेला असेल तर दांडी बाहेरून शहाण्यासारखी सरळ उभी असते आणि सगळा ताण आत, पितळी दांडी रबराला जिथे जोडलेली असते त्या बुडाशी येतो. तिथून ती फाटते, हवा एका दमात जाते, आणि तिथे पॅचही लागत नाही. म्हणजे नट टायरला धरत तर नाहीच, वर धोक्याची खूण लपवतो.

तो नट वर फिरवत न्यायचा आणि व्हॉल्व्हच्या टोपीला टेकवून आवळायचा. नाहीतर काढूनच टाकायचा. मात्र काही ट्यूबना रिमच्या आतल्या बाजूला, रबराला लागूनच एक नट आणि वॉशर असतो. त्याला हात लावायचा नाही. सरकणं पकडायची सोपी सोय म्हणजे टायरपासून रिमपर्यंत मार्करने एक आडवी रेघ. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की टायर सरकला, व्हॉल्व्ह काहीही सांगो.

आता रिम लॉक. रबर चढवलेला एक रुंद चिमटा, त्याला बोल्ट, बोल्ट रिमच्या भोकातून बाहेर, वर नट. नट आवळला की चिमटा टायरच्या दोन्ही कडा रिमवर दाबून धरतो. हे लोढणं असेल तर होंडा आपल्या सीआरएफ मोटोक्रॉस गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याला टॉर्कच्या (आवळायच्या जोराच्या) तक्त्यात स्वतंत्र ओळ कशाला देते? तिथे हवा 100 किलोपास्कल, म्हणजे साधारण 15 पीएसआय, आणि रिम लॉकचा टॉर्क 12 न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. हे दोन आकडे जोडीने वाचायचे. इतक्या कमी हवेवर पळायचं तर कड धरायला दुसरं काहीतरी हवंच. आणि 12 म्हणजे फार नाही, आखूड पान्याने एका हाताने येतो तेवढा. पाइप घालून आवळलं तर आटे जातात किंवा भोकाशी रिम दबते.

वजनाच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करतो. रिम लॉकने चाकाचा तोल जातो आणि डांबरी रस्त्यावर वेगात पुढचं चाक उड्या मारल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या बाजूच्या आऱ्यांना वजन लावणे. आणि जो कायम 25–30 पीएसआयवर रस्त्यावरच फिरतो, त्याने रिम लॉक लावलं नाही तरी चालतं. पण मग त्याने ‘ऑफ-रोडवाल्यांनी काढून टाका’ असं लिहू नये.

रिम लॉकमुळेच ट्यूब फाटते असंही मेसेजमध्ये जाता जाता म्हटलंय. फाटते ती बसवण्यातल्या चुकीने. माप रिमच्या रुंदीचं हवं : रिमवर 1.60 छापलं असेल तर 1.60, 2.15 असेल तर 2.15. टायर चढवताना नट बोल्टच्या टोकापर्यंत सैल ठेवून लॉक आत ढकलायचं, म्हणजे कड त्याच्या खाली शिरते. ट्यूबमध्ये नुसता आकार येईल इतकी हवा भरलेली असावी. दुसरी कड लॉकपाशी सुरू करायची, कारण तिथे ती रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरू शकत नाही. लिव्हरचा (टायर चढवायच्या पट्टीचा) शेवटचा घास लॉकपासून दूर घ्यायचा. लिव्हरला फार जोर लागतोय म्हणजे समोरची कड खोलगट भागातून वर आली आहे. तिथे गुडघा दाबा, लिव्हरवर लटकू नका. मग लॉक आतबाहेर हलवून बघायचं. स्प्रिंगसारखं उसळी घेतंय तर ठीक. जड, अडकल्यासारखं वाटलं तर खाली ट्यूब चिमटली आहे. एकदा हवा भरून सोडायची म्हणजे घड्या निघतात, पुन्हा भरायची, टायरवर कडेजवळ मुळातच असलेली बारीक गोल रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसली की लॉक आवळायचं. आधी नाही. पहिल्या फेरीनंतर परत तपासायचं, कारण कड बसते आणि नट सैल पडतो.

स्क्रू : ड्रॅग रेसच्या गाड्यांना ते मारतात, खरं आहे. तिथे दगड नसतात. दगडावर आपटून कड हलली आणि स्क्रू जरा लांब असला की त्याचं टोक थेट ट्यूबमध्ये.

ग्रीसने रबर फुगून खराब होतं, आणि ते सुकत नसल्यामुळे कड कायमची निसरडी राहते. ज्या माणसाला टायर सरकायला नको आहे तो कडेला ग्रीस फासतो, यावर काय बोलणार? साबणाचं पाणी लावा. काम झालं की सुकतं.

पावडर मात्र लावाच, शंखजिऱ्याची, पातळ थर. टायर धरणं हे कडेचं काम, ट्यूबचं नव्हे. ट्यूब आत थोडी मोकळी राहिली तर घासून आणि घडी पडून फाटत नाही.

जाड, 3–4 मिलिमीटरची ट्यूब दगडावर चिमटण्यापासून बराच बचाव करते, घ्यावी. पण तिचीही दांडी तशीच उपटते, आणि उपटलेल्या दांडीला सीलंट काय करणार?

ट्यूब कशाने गेली हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. शेजारी शेजारी दोन चिरा : हवा कमी होती आणि दगडाने चिमटली, किंवा लिव्हर लागला. बुडाशी फाटलेली दांडी : टायर सरकला. रिमकडच्या बाजूला बारीक भोक : आऱ्याचं टोक किंवा सरकलेली रिम टेप (आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी). या शेवटच्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. निपलच्या (आरा रिमला धरणाऱ्या नटाच्या) वर आलेलं आऱ्याचं टोक कानशीने घासून सपाट करायचं, टेप बदलायची आणि तिची भोकं व्हॉल्व्ह आणि रिम लॉकच्या भोकांवर नेमकी आणायची.