‘पौलाला मुलं नव्हती’: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा मनाला लागली. दुसऱ्यांदा वाचताना उत्तरं सुचू लागली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की निम्म्या गोष्टींत तुमचंच बरोबर आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं न होता सविस्तर लिहायचं ठरवलं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की लहान मुलांच्या आईने आहे त्या स्थितीत समाधानी राहायला शिकावं, रोज रात्री देवाचे आभार मानण्याजोग्या तीन गोष्टी लिहून काढाव्यात, आणि मनात कुरकुर आली की ती कृतघ्नता समजून तिथेच थांबवावी. त्यावर या ताईंनी लिहिलं आहे की त्यांचं मोठं मूल तीन वर्षांचं, धाकटं आठ महिन्यांचं, आणि रात्री तीन वाजता घरात त्या एकट्याच जाग्या असतात. अशा बाईला ‘समाधानी राहा’ सांगणं म्हणजे तिचं तोंड बंद करणं. नवरा आणि मंडळी, म्हणजे चर्चमधले सगळे, दोघंही त्यातून अलगद सुटतात. समाधानाविषयी ज्या प्रेषित पौलाच्या पत्राचा मी दाखला दिला त्या पौलाला मुलं नव्हती. आणि झोप मिळायला लागली की समाधान आपोआप येईल, तोवर त्याचा विषय काढणं निर्दयपणाचं आहे.

आधी ते कुरकुरीचं वाक्य. ते मी मागे घेते. ज्या दुपारी तो लेख लिहिला त्या दुपारी माझी दोन्ही मुलं एकाच वेळी झोपली होती. तशी दुपार महिन्यातून एखादीच मिळते, आणि त्या शांततेत बसून मी न झोपलेल्या बाईला सल्ला दिला. शिवाय पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तसं म्हणतच नाही. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं नुसत्या आक्रोशाने भरलेली आहेत. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

पण मला तुम्हाला इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर नेणाऱ्या मोशेचं सांगायचं आहे, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून तोच अध्याय डोक्यात घोळतो आहे. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात मोशे देवापुढे अक्षरशः आईच्या भाषेत रडतो. या सगळ्या लोकांना मी पोटात वाढवलं का? मी यांना जन्म दिला का, की तान्ह्याला उराशी धरावं तसं मी यांना वाहून न्यावं? मला एकट्याला हा भार पेलत नाही. आणि माझ्याशी असंच वागायचं असेल तर मला मारूनच टाक, इथवर तो जातो. रात्री तीनला आपल्यापैकी कितीजणींच्या मनात याहून सौम्य काही असतं?

देवाने त्याला काय उत्तर दिलं बघा. ‘समाधानी राहा’ म्हणाला नाही. ‘मिळालंय त्याबद्दल आभार मान’ असंही म्हणाला नाही. इस्राएलाचे 70 वडील गोळा कर, म्हणाला, म्हणजे ते तुझ्याबरोबर हा भार उचलतील, तुला एकट्याला वाहावा लागणार नाही. भार खरा होता, देवाने तो खरा मानला आणि वाटून दिला.

त्याच अध्यायात लोकांच्या कुरकुरीवर मात्र देवाचा राग भडकतो. हा फरक मला बरीच वर्षं कळत नव्हता. लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत होते, एकमेकांना ऐकवत होते, सुटका झालेल्या गुलामीची आठवण काढत होते. मोशे देवाकडे गेला. त्याचे शब्द लोकांपेक्षा जास्त जहाल आहेत, पण ते देवाला उद्देशून आहेत. ताई, तुमचे जे शब्द तुम्हाला प्रार्थनेत बोलण्याजोगे वाटत नाहीत, नेमके तेच शब्द घेऊन जा. मी त्यांना कृतघ्नता म्हटलं, ती माझी चूक.

आता नवऱ्याबद्दल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 साली विवाहाविषयी लिहिताना म्हटलं होतं की बाप बाळाचे लंगोट धूत असेल आणि लोक त्याला बायक्या म्हणून हसत असतील, तर हसोत बापडे. तो विश्वासाने ते करत असेल तर देव आपल्या सगळ्या देवदूतांसह आनंदाने हसतो. हे लिहिलं तेव्हा ल्यूथर स्वतः अविवाहित होता! लग्न 1525 साली झालं, पुढे सहा मुलं झाली. पाचशे वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं, आणि आजही कितीतरी ख्रिस्ती घरांत बाप मुलाला घेतो तेव्हा ‘मदत करतो’ असं म्हणतात. स्वतःच्या मुलाला सांभाळणं ही मदत कशी होईल?

आमच्याकडेही हे आपोआप झालं नाही. मी समाधानी असल्याचं तोंड करून वावरत होते, आणि नवऱ्याला खरंच वाटत होतं की सगळं सुरळीत चाललंय. एका रात्री मोठ्याला ताप, धाकटा कडेवर, आणि मी मोशेचंच वाक्य उच्चारलं: मला एकटीला हे झेपत नाही. भांडण म्हणून नाही, तक्रार म्हणूनही नाही, वस्तुस्थिती म्हणून. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पहाटेचं माझ्याकडे.’ त्या दिवसापासून पहाटे चारनंतर मूल उठलं तर ते उठतात. एवढ्याशा बदलाने माझं काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ते वाक्य बोलायला मला तीन वर्षं लागली, कारण ते बोललं तर आपण असमाधानी ठरू अशी मला भीती होती.

मंडळीबद्दल तुम्ही लिहिलंत तेही खरं आहे. उपासनेत मूल रडलं की माना वळतात, आणि आई बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहते. असे कित्येक रविवार मी संदेशाचा एक शब्द न ऐकता घरी आले आहे. तिथे ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्या बहिणींनी उठायचं असतं. आईला आत बसू द्यायचं, लेकरू आपण घ्यायचं. हे मी आमच्या पाळकांना सांगितलं आहे, आणि इथेही मोठ्याने सांगते.

पौलाला मुलं नव्हती, मान्य. मूल उशाशी रडतंय आणि डोळे उघडत नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या हालअपेष्टांची यादी देताना फटके, तारू फुटणं, भूक यांच्याबरोबर तो जागरणंही मोजतो. आणि फिलिप्पैकरांना समाधानाविषयी लिहिलं ते कैदेतून. माझ्या मागच्या लेखात मी तिथलं एकच वचन उचललं, पुढची वाचली नाहीत. ‘शिकलो आहे’ असं तो म्हणतो, म्हणजे ते त्याच्याकडे मुळात नव्हतं. त्याने वापरलेला ग्रीक शब्द, ऑटार्केस, त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता: स्वयंपूर्ण, कुणाचीही गरज नसलेला माणूस. पौल तो शब्द घेतो आणि लगेच म्हणतो की मला सामर्थ्य देणारा दुसरा आहे. त्याच्याही पुढच्या ओळीत म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती पाठवलेली मदत त्याने घेतली आणि त्याबद्दल आनंदाने लिहिलं. समाधानी माणूस मदत घेतो, मागतोही. हे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं.

इथवर तुमचं बरोबर. पण झोप मिळायला लागली की समाधान आपोआप येईल, हे मला पटत नाही, आणि तिथे मी माघार घेणार नाही. कारण मी तशी वाट पाहिली आहे. मोठा बसायला लागला की, चालायला लागला की, बोलायला लागला की, शाळेत जायला लागला की. तो शाळेत गेला, आणि मी नवीन काहीतरी शोधून काढलं. तो तान्हा असतानाचे दिवस मी असे वाट बघण्यातच घालवले, आणि आज त्याच्या त्या वयातलं मला फार थोडं आठवतं. याचं मला वाईट वाटतं. तुमच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून मी या विषयावर लिहिते. ‘हे दिवस भुर्रकन जातील’ हे वाक्य मी तुम्हाला म्हणणार नाही. रात्री तीनला कुठलाच दिवस भुर्रकन जात नाही.

मग आत्ता, झोप नसताना, समाधान म्हणजे नेमकं काय? मला ते 131व्या स्तोत्रात सापडलं, आणि खरं तर पुस्तकात नाही, अंथरुणात सापडलं. दूध तुटलेलं मूल आईपाशी असतं तसा माझा जीव शांत आहे, असं दावीद तिथे म्हणतो. धाकटा दीड वर्षाचा असताना मी त्याचं अंगावरचं तोडलं. पहिल्या रात्री तो माझ्या गाऊनच्या बटणांशी झटत राहिला. पाठ ताठ करून मागे झुकायचा, पुन्हा येऊन तोंड खुपसायचा. नवऱ्याने घेतलं की आणखी रडायचा. तिसऱ्या रात्री मीही त्याच्याबरोबर रडले. त्याला हवं ते माझ्यापाशी आहे आणि तरी मी देत नाही, हे त्या जिवाला समजावणार कसं? सहाव्या की सातव्या रात्री तो आला, बटणावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहिला. मग हात काढून त्याने माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, डोकं छातीवर टेकलं आणि झोपला. त्याला आता माझ्याकडून काही नको होतं. मी हवी होते.

त्या अंधारात मला ते स्तोत्र पहिल्यांदा कळलं. दाविदाने पोट भरलेल्या तान्ह्या बाळाची उपमा दिली असती तर ती सोपी होती, मिळालं, झोपलं. पण त्याने जे मिळत होतं ते बंद झालेलं मूल निवडलं. ती शांती आधीच्या रात्रींच्या रडण्यातून येते, आणि त्या सगळ्या रात्री मूल आईच्या कुशीतच असतं. इब्री लोकांस पत्रातही, जवळ असेल त्यात तृप्त राहा, हे सांगून झाल्यावर कारण दिलंय ते असं की देव म्हणाला आहे, मी तुला सोडणार नाही. ‘तुझे दिवस बदलतील’ असं कारण दिलेलं नाही.

कृतज्ञतेची वही हवी तर ठेवा, नको तर सोडून द्या. मी ठेवते, पण आता आधी जे दुखलं ते लिहिते. तासभर शांत वेळ मिळत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. उत्पत्ती या पुस्तकाच्या 33व्या अध्यायात याकोब आपल्या भावाला, एसावाला, सांगतो की लेकरं सुकुमार आहेत आणि कळपात पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तर सगळा कळप मरेल. तू पुढे हो, मी मुलांच्या चालीने येतो. माझी प्रार्थना सध्या मुलांच्या चालीने चालते. कधीकधी ती एका वचनाची असते, कपड्यांच्या घड्या घालताना म्हटलेली.

आणखी एक, आणि हे मी अगदी काळजीने विचारते आहे. तुम्ही एका ओळीत लिहिलंत, ‘हल्ली काहीच वाटत नाही.’ बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं सहसा दोनेक आठवड्यांत ओसरतं. पण त्यानंतरही, किंवा पहिल्या वर्षात केव्हाही, मन बधिर होत असेल, बाळ झोपलं असतानाही झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, विश्वासाचा कमीपणा नाही, आणि त्यावर उपचार आहेत. ते ओळखायला डॉक्टरांकडे एडिनबरा प्रश्नावली असते, 1987 साली आलेली, अवघ्या 10 प्रश्नांची. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर आजच्या आज कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात जा. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यालासुद्धा देवदूताने आधी खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं नंतर झालं.

मागच्या लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे आणि तिथे मोशेची प्रार्थना घातली आहे. यजमानांना गणनाचा 11वा अध्याय वाचायला द्या, वाटलं तर हे उत्तरही द्या. रात्री तीनला बोलावंसं वाटलं तर मला निरोप टाका. उत्तर सकाळी येईल, पण तुमच्यासाठी आणि दोन्ही लेकरांसाठी प्रार्थना आजपासूनच सुरू केली आहे.