मीटरवर अठ्ठेचाळीस हजार

"गाडी थंड होती का गरम?"

मास्तरांनी चहाचा ग्लास अजून तोंडाला लावला नव्हता, तोवर मिस्त्रीचा प्रश्न आला. सांगलीच्या विश्रामबागेतला आमचा कट्टा, संध्याकाळचे सात, मधे भडंगाचा पुडा फोडलेला. मास्तर २०१७ ची डिझेल अर्टिगा बघून आले होते आणि फार खुशीत होते. पांढरी, एका हाताची, मीटरवर ४८ हजार, मागणी साडेसहा लाख.

"गरम म्हणजे? गाडी सुरूच होती. मी गेलो तेव्हा एसी लावूनच ठेवला होता त्यानं. गारेगार."

"तिथंच घोळ झाला बघा," मिस्त्री म्हणाला.

त्याचं म्हणणं असं. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. पिस्टननं हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेट घेतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब कमी पडतो आणि ते उघडं पडतं रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, सकाळच्या पहिल्या सेल्फला. एकदा तापलं की म्हातारं इंजिनसुद्धा अर्ध्या सेल्फला उठतं. म्हणून जायचं सकाळी, जायच्या आधी सांगायचं की गाडी सुरू करू नका, आणि पोचल्या पोचल्या पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. कोमट लागलं तर गाडी न बघता परत फिरायचं. हे शेवटचं वाक्य आण्णांना पटलं नाही. "अरे, दूध आणायला गेला असेल माणूस!" पण मला मिस्त्रीचंच पटतं. दुसऱ्या दिवशी परत जाता येतं की. साडेसहा लाखांपुढं एक फेरी काय मोठी?

पुण्यात कंपनीत असणारा आमचा इंजिनिअर सुट्टीला आला होता. त्याचा मुळातच विरोध. "या जमान्यात डिझेल कशाला घेताय मास्तर? मारुतीनंसुद्धा २०२० च्या एप्रिलपासून, धुराचा बीएस-सिक्स नियम आला तसं, डिझेल बंद केलं. सीएनजी घ्या सरळ."

"माझी शाळा कुठं आहे माहीत आहे ना तुला? जत तालुक्यात. येऊन-जाऊन सव्वाशे किलोमीटर. आम्ही चौघं मास्तर वर्गणी काढून जातो. तिकडं गॅसच्या रांगेत थांबलो तर पहिला तास बुडतो. आणि मागं टाकी बसवली की आईची व्हीलचेअर कुठं ठेवू?"

सीएनजी नाही म्हटल्यावर उरलं पेट्रोल. आण्णांनी तिथंच भडंगाच्या कागदावर हिशेब मांडला. महिन्याचे बावीस दिवस म्हणजे पावणेतीन हजार किलोमीटर. डिझेल १८ चं ॲव्हरेज, दर नव्वदीच्या आसपास, म्हणजे चौदा हजारांच्या आत. पेट्रोल १३ चं ॲव्हरेज, दर शंभरीपार, म्हणजे बावीस हजार. महिन्याला आठ हजारांचा फरक. इंजिनिअर गप्प झाला. पण ज्याचं रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचं आहे, त्यानं डिझेलच्या नादाला लागू नये, हा त्याचा मुद्दा खराच आहे. त्यातून गाडी बीएस-सिक्स असेल तर सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ असतो. काजळी अडवणारी जाळीच ती. लांब पल्ल्यावर गरम झाली की साठलेली काजळी जळते. गल्लीतल्या गल्लीत गाडी फिरवली की जाळी तुंबते, आणि बदलायची म्हटलं की लाखाच्या घरात खर्च जातो. २०१७ च्या अर्टिगात ती भानगड नाही. १२४८ सीसीचं फियाटच्या घरचं इंजिन आहे. स्विफ्टला तेच, डिझायरला तेच, व्हिस्टाला तेच. गावोगावच्या मिस्त्र्यांना तोंडपाठ.

"इंजिन चांगलं हे मान्य," मिस्त्री म्हणाला, "पण 'हे' इंजिन चांगलं आहे का ते बघायचं. इकडं या."

आम्हाला त्यानं टपरीवर नेलं. स्टोव्हवर मोठी किटली उकळत होती आणि वाफेनं तिचं झाकण टुक् टुक् उडत होतं. "हे असं. इंजिन चालू ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण फिरवून सैल करायचं आणि तिथंच उलटं ठेवायचं. जरासा वारा लागणारच. डिझेल आहे ते. पण झाकण या किटलीसारखं नाचायला लागलं, वर धुराचे भपके आले, की समजायचं बॅक कॉम्प्रेशन आहे. जळलेला गॅस रिंगांच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरात उतरतोय. डिपस्टिक उपसून बघा, तिथूनही धूर येईल. असलं इंजिन ऑइल खातं आणि शेवटी खोलावंच लागतं."

मास्तर म्हणाले, "ऑइल मी बघितलं. काळंकुट्ट होतं. त्याचीच भीती वाटली."

"त्याची भीती नको. डिझेलमध्ये नवं ऑइल दोनशे किलोमीटरात काळं होतं. कॉफीसारखं दुधाळ दिसलं तर घाबरा. पाणी मिसळलंय म्हणून समजा."

धुराचंही त्यानं सांगितलं. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट जळतंय नाहीतर इंजेक्टर बिघडलाय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोरात रेस केल्यावर काळा लोट निघतो त्यामागं इंजेक्टर, टर्बो, धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर, नाहीतर नुसता चोंदलेला एअर फिल्टरही असू शकतो, म्हणून काळ्या धुरावर लगेच गाडी सोडायची नाही, स्कॅनर लावून बघायचं.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला माहीत नव्हती. किल्ली ऑनला फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे, आणि तो नंतर विझला पाहिजे. बघणारे सगळे विझलाय का एवढंच बघतात. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम मारून टाकलेला असतो. ज्या गाडीत आपली आई बसणार तिच्या एअरबॅगचा दिवा मारलेला असावा, यापरतं पाप नाही, असं मला वाटतं.

इथून पुढचं मी बोललो, कारण ते आमच्या घरात घडलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्यातल्या कितीतरी इन्शुरन्सनं टोटल लॉस करून भंगाराच्या भावात विकल्या, कुणीतरी घेतल्या, धुतल्या, वाळवल्या आणि लांबच्या गावात नेऊन परत विकल्या. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या दाजींनी एका डीलरकडून डिझेल सेडान घेतली. आतून नव्यासारखी, अत्तराचा वास. पहिल्याच पावसाळ्यात आंबा घाटात रात्री साडेनऊला गाडी एकदम मेली. लाइट नाही, हॉर्न नाही, मागं भाची झोपलेली. धुक्यातून येणाऱ्या ट्रकना दिसावं म्हणून ताई मोबाइलचा टॉर्च घेऊन दीड तास रस्त्याच्या कडेला उभी होती. गॅरेजला कार्पेट उचललं तर खालच्या फोममध्ये बारीक गाळ, आणि वायरिंगचे कप्लर हिरवे पडलेले.

म्हणून मी आता कुठलीही गाडी बघायला गेलो की ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढतो. धुणारा माणूस दिसतो तेवढाच पट्टा धुतो, आत गुंडाळलेला राहतो. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली की संपलं. मग सीटखाली हात घालून रुळांचा गंज बघायचा, दाराचं रबर बोटानं उलटं करून बघायचं. बंद काचेच्या गाडीत अत्तराचा भपकारा आला तर आनंद मानायचा नाही, तो कुठला वास झाकतोय ते शोधायचं.

आण्णांनी पन्नास वर्षांत ट्रकपासून ट्रॅक्सपर्यंत सगळं चालवलंय. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, टायरचा फोटो काढलाय का?"

मास्तरांनी मोबाइल पुढं केला. आण्णांनी फोटो मोठा करून टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. ३२२१. "म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारी हेच?"

"चारी हेच. तो बोलला, मध्ये बदलले म्हणून."

"म्हणजे आधीचे चार टायर चार वर्षांत झिजून गेले. चाळीस-पन्नास हजार तरी झाले असतील तोवर. हे दुसरेही निम्म्याच्या खाली आलेत. आणि मीटर म्हणतंय अठ्ठेचाळीस. कसं बसतंय?"

कुणीच बोललं नाही.

"आणि दुसरं. लाखभर रुपये जास्त घालून डिझेल घेणारा माणूस आठ वर्षांत अठ्ठेचाळीस हजारच फिरवेल? वर्षाला सहा हजार? त्याला पेट्रोल नसती का परवडली? क्लचच्या पॅडलचं रबर बघा फोटोत. डाव्या कोपऱ्यात लोखंड दिसतंय."

इन्शुरन्सवाला शेजारच्या दुकानाचं शटर ओढून तेवढ्यात येऊन बसला होता. त्यानं पॉलिसीचा फोटो मागितला आणि सरळ नो क्लेम बोनसवर बोट ठेवलं. "२० टक्के. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २०, मग २५, ३५, ४५, पाच वर्षांनी ५०. मालक एकच, गाडी आठ वर्षांची, पॉलिसी कधी तुटली नाही म्हणतोय, आणि बोनस २०? म्हणजे गेल्या तीन वर्षांच्या आत क्लेम झालाय. कशाचा ते विचारा. आणि हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर आली की हप्ता वाढणार, तेही धरून ठेवा."

कागदपत्रांवर फार वाद झाला नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा द्यायचा नाही. ई-चलन परिवहनच्या साइटवर बघायचं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या आणि लगेच नावावर करायची. पासिंग आधी टुरिस्टचं, म्हणजे भाड्याच्या गाडीचं, होतं का, हे अर्टिगाच्या बाबतीत तर विचारायचंच. इंजिनिअरनं दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचं काढलं. २०१५ साली हरित लवादानं तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं, तेव्हापासून तिकडचा माल इकडं येतोच. पण एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई पार आटते. तो विषय तिथंच संपला.

खरं भांडण पुढं पेटलं. मिस्त्री म्हणाला, "समजा मीटर पाडलंय, आकडा मागं फिरवलाय. समजा सव्वा लाख फिरलीय. या इंजिनला सव्वा लाख काहीच नाही. चेन आहे, बेल्ट नाही. सकाळी झाकण उडालं नाही, चार माणसं घालून एसी लावून दंडोबाचा चढ तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढली, क्लच सुटला नाही, तर मी म्हणेन घ्या. भाव पाडून घ्या."

"नाही घ्यायची," मी म्हणालो. "सव्वा लाख फिरलेली गाडी घेऊ. ४८ हजार म्हणून सांगितलेली सव्वा लाखाची नाही घ्यायची. त्यानं चेन टायमिंगला काय केलंय, ऑइल कधी बदललंय, क्लेम कशाचा घेतलाय, यातलं काय खरं मानायचं मग?"

"इंजिन खोटं बोलत नाही."

"ब्रेकचं काय? एअरबॅगचं काय? ते सकाळी अर्ध्या तासात कळतं?"

मिस्त्रीनं मान हलवली, पण हो म्हणाला नाही. अजूनही त्याचं मत तेच आहे.

इंजिनिअरचा एक मित्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आहे. इंजिनिअरनं मास्तरांना सांगितलं, गाडीमालकाची परवानगी घ्या, मित्र नंबरावरून नोंदी काढून देईल. मास्तरांनी तिथूनच मालकाला फोन लावला, स्पीकरवर. सर्व्हिसच्या नोंदी बघू का, एवढंच विचारलं. पलीकडं जरा शांतता. मग तो म्हणाला, "सर, मी सगळं बाहेरच करतो. आणि अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, तुम्हाला घ्यायची तर उद्या टोकन द्या."

"द्या त्यांना," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. चेहरा उतरला होता. पांढरा रंग त्यांच्या आईला आवडला होता.

आण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मिरजेत त्यांच्या ओळखीत एक आहे. २०१६ ची, दोन हातांची, मीटरवर १ लाख १८ हजार, रंग करडा, ड्रायव्हरच्या दाराला पोचा. पण पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं एका पिशवीत आहेत.

उद्या सकाळी साडेसहाला आम्ही पाच जण निघतोय. मास्तरांनी मालकाला दोनदा बजावलंय, आम्ही येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.