फॉक्सच्या बदल्यात आपल्याला नक्की मिळालं काय?

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, आपल्या सॅक्रामेंटो किंग्जचा हा २०२५ चा ऑफसीझन (दोन सीझनमधला काळ) बघून खरंच जीव जळतोय. नवीन घेतलेल्या गार्ड डेनिस श्रूडरबद्दल फॅन ग्रुपवर सगळे "अगं श्रूडर चांगला प्लेयर आहे, थांब जरा" म्हणतायत, म्हणून इथे सविस्तरच लिहिते. श्रूडर चांगलाच आहे. जर्मनीने २०२३ चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा स्पर्धेचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच होता. पण तो आल्याने आपण कुठे पोचणार हे मला कोणीतरी नीट समजावून सांगा.

सुरुवात फॉक्सपासून करावी लागेल. २०२५ च्या फेब्रुवारीत आपला स्टार गार्ड डिआरॉन फॉक्स सॅन अँटोनियो स्पर्सला दिला तेव्हा आपण सगळ्यांनी मनाची समजूत घातली की चला, झॅक लाव्हिन आला आणि वर तीन फर्स्ट राउंड पिक्स (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवीन खेळाडू निवडायचे हक्क) आली. आता त्या तीन पिक्सचं काय झालं बघा. पहिलं शार्लटचं, २०२५ चं, पण ते लॉटरीच्या, म्हणजे पहिल्या १४ नंबरांच्या, बाहेर पडलं तरच आपलं होणार होतं, आणि शार्लट सीझनभर तळाशीच होती, जेमतेम १९ मॅच जिंकल्या त्यांनी, त्यामुळे ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता, त्याची दोन सेकंड राउंड पिक्स झाली. दुसरं स्पर्सचं २०२७ चं, ते ड्राफ्टच्या रात्री ओक्लाहोमाला देऊन आपण २४ व्या नंबरवर नीक क्लिफर्ड घेतला. तिसरं मिनेसोटाचं, २०३१ चं. त्या ड्राफ्टमध्ये जी मुलं येतील ती २०२५ मध्ये सातवी-आठवीत असतील!! म्हणजे फ्रँचायझीचा चेहरा असलेला माणूस गेला आणि हातात उरला लाव्हिन, ज्याचा २०२५-२६ सीझनचा पगार पावणेपाच कोटी डॉलरच्या आसपास, आणि क्लिफर्ड.

क्लिफर्ड मला आवडतो, हे आधीच सांगते. कोलोराडो स्टेटमध्ये त्याला बघितलंय, रिबाउंड घेतो, पास देतो, डोकं शांत ठेवून खेळतो. पण ड्राफ्ट झाला तेव्हाच तो २३ वर्षांचा होता, कॉलेजात पाच वर्षं खेळून आलाय. म्हणजे त्याला आत्ता मिनिटं द्यायला हवीत, दोन वर्षं बेंचवर बसवून नाही चालणार. आणि त्याच्या पुढे रांगेत कोण कोण आहे? लाव्हिन, डिरोझन, मंक, आता श्रूडर.

आणि आपलं स्वतःचं पिक? ते तेरावं होतं आणि ते अटलांटाला गेलं. २०२२ मध्ये केविन ह्युर्टरला आणताना आपण ते देऊन टाकलं होतं, पहिल्या बारात आलं असतं तर आपल्याकडेच राहिलं असतं. बरं तो ह्युर्टर तरी कुठेय? फॉक्सच्याच ट्रेडमध्ये शिकागोला गेला. गाडी विकून झाली तरी हप्ता चालूच, अशी ही गत. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे साडेपाच, मी ड्राफ्ट लावून बसलेले, आणि तेरावा नंबर आला तेव्हा आपल्या पिकवर न्यू ऑर्लिन्सने डेरिक क्वीन घेतला, कारण अटलांटाने ते तिथल्या तिथे पुढे विकलं आणि बदल्यात त्यांच्याकडून २०२६ चं अनप्रोटेक्टेड (कुठल्याही नंबरावर आलं तरी मिळणारं) फर्स्ट राउंड पिक मिळवलं. दुसऱ्यांना आपल्या पिकमधून भविष्य घडवता येतं आणि आपण प्रेक्षक.

सगळ्यात जास्त राग मला लाव्हिन-डिरोझन जोडीचा येतो. दोघं वाईट खेळाडू आहेत असं मुळीच नाही, डिरोझनचा मिडरेंज (मधल्या अंतरावरून मारलेला शॉट) बघायला मला आजही आवडतं. पण हा प्रयोग शिकागोने तीन सीझन करून बघितलाय! एकदाच प्लेऑफ, तेही २०२२ ला पहिल्याच राउंडमध्ये मिलवॉकीकडून ४-१. तीच जोडी, आता वयाने मोठी, डिरोझन २०२५ मध्ये ३६ चा, डिफेन्स दोघांचाही बेताचा, त्यांच्या मागे सेंटर साबोनिस, ज्याने २०२५ पर्यंत लागोपाठ तीन सीझन लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड घेतले पण जो रिम प्रोटेक्टर (बास्केटजवळ शॉट अडवणारा) नाहीये. मग समोरचा गार्ड आत घुसला की त्याला अडवणार कोण? श्रूडरच्या पगारासाठी जागा करायला बदली सेंटर व्हॅलान्चुनासलाही डेन्व्हरला पाठवला.

आपण २०२४-२५ च्या सीझनला ४० जिंकलो, ४२ हरलो, आणि प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या आधीची पात्रता फेरी) घरच्या कोर्टवर डॅलसने १२०-१०६ ने हरवलं. त्याच रात्री जीएम (जनरल मॅनेजर) मॉन्टे मॅकनेअर गेले, काही दिवसांत स्कॉट पेरी आले. नवीन जीएम आला की मला वाटतं आता तरी कोणीतरी खरं बोलेल, की ही टीम जिंकणारी नाहीये, दोन वर्षं द्या, पोरं घडवू. त्याऐवजी परत नवव्या-दहाव्या नंबरची तयारी.

२०२३ आठवतंय ना? ४८ विजय, वेस्ट गटात तिसरे, प्लेऑफचा १६ सीझनचा दुष्काळ संपला, मॅच जिंकली की आकाशात जांभळा बीम. प्लेऑफच्या पहिल्या राउंडच्या सातव्या मॅचमध्ये गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीने ५० मारले नसते तर काय झालं असतं कोण जाणे. त्याआधी टायरीस हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन साबोनिस आणला याचं दुःख आहेच, हॅलिबर्टन २०२५ मध्ये इंडियानाला फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत घेऊन गेला, पण त्या २०२३ मुळे मी तो ट्रेड पचवला होता. मग त्या टीमला वाढू का दिलं नाही? कोच माइक ब्राउनला २०२४ च्या उन्हाळ्यात नवीन करार द्यायचा, डिसेंबरात काढून टाकायचं, महिना-सव्वा महिन्यात फॉक्स गेला. ब्राउन २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सचे कोच झाले.

मी ही टीम का धरली तेही सांगते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच झाल्या, किंग्ज विरुद्ध पेसर्स. मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेला, जुहूत वाढलेला माणूस. २०१३ मध्ये टीम सिएटलला निघाली होती ती त्यांनी सॅक्रामेंटोत ठेवली, याबद्दल तिथल्या लोकांइतकीच मीही त्यांचं नाव आदराने घेते. आणि म्हणूनच त्रास जास्त होतो. त्यांच्याच काळात २०१८ च्या ड्राफ्टमध्ये लुका डॉन्सिच समोर असताना मार्विन बॅगली घेतला गेला. कोच किती बदलले, जीएम किती बदलले, पण घाई तीच. दरवेळी याच वर्षी प्लेऑफ पाहिजे.

माझं मागणं फार मोठं नाहीये. कीअन एलिसला पुढचा करार आत्ताच द्या, ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला हा पोरगा आपला सगळ्यात चांगला पेरिमीटर (बास्केटपासून लांब, बाहेरच्या भागातला) डिफेंडर आहे आणि टीम ऑप्शन (करार आणखी एक वर्ष चालू ठेवायचा टीमचा हक्क) वापरून २०२५-२६ साठी जेमतेम २३ लाख डॉलरवर ठेवलाय, २०२६ च्या उन्हाळ्यात तो सरळ फ्री एजंट (कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा) होऊन निघून जाईल. क्लिफर्ड आणि डेव्हन कार्टरला दर मॅचला वीस मिनिटं द्या, चुका करू देत. डिरोझनला घेणारी एखादी चांगली टीम शोधा. आणि ते मिनेसोटाचं २०३१ चं पिक, ते तरी कृपा करून पुढच्या फेब्रुवारीत कुठल्या तिशी ओलांडलेल्या गार्डसाठी देऊ नका.