सातवीच्या चिठ्ठ्या आणि बिल्डिंगच्या ग्रुपवरचा मेसेज

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला: बिल्डिंगच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: ‘शाळेत लैंगिक शिक्षण आणि वयात येणाऱ्या मुलांसाठी वेगळे दवाखाने म्हणजे पोरांना मोकळं रान. आपल्याला कुणी शिकवलं होतं? आपले संसार झाले नाहीत का? ही सगळी पाश्चात्त्य थेरं. आईबापांना अंधारात ठेवून मुलींना गर्भपातही करून देतात. जागे व्हा!’ खाली जोडलेले हात.

मी पूर्व उपनगरातल्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. मला गप्प बसवेना.

‘आपल्याला कुणी शिकवलं होतं?’ इथूनच सुरुवात करते. माझ्या वर्गात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो, झाकणाला चीर पाडलेला. नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. मागे त्यातून एक चिठ्ठी निघाली, वहीचा फाडलेला कोपरा: ‘रात्री चड्डी ओली होते. ट्रेनमध्ये लिहिलंय ते औषध घेतलं तर बंद होईल का? ५०० रुपये सांगतात.’ ट्रेनमध्ये काय लिहिलेलं असतं ते लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. दारापाशी चिकटवलेलं स्टिकर, ‘स्वप्नदोष, कमजोरी, शर्तिया इलाज’ आणि खाली मोबाइल नंबर. या वयात झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, वाढ होताना होतंच. पण दहा बाय बाराच्या खोलीत आजी, बहीण, काका सगळे असताना पोरगं हे विचारणार कुणाला? शिकवणी तर चालूच आहे हो. स्टिकरवाला घेतोय, फोनवरचे व्हिडिओ घेतायत.

आणि आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही हे खरंच आहे. पहिल्या पाळीला मला वाटलं, पोटात काहीतरी फुटलं. दोन दिवस कुणाला बोलले नाही. ‘आपलं काय अडलं?’ म्हणणाऱ्यांत बायका किती असतात, ते जरा आपापल्या ग्रुपवर मोजून बघा.

आता ‘मोकळं रान’. ही भीती जुनीच. याच भीतीपोटी २००७ साली आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं होतं. पण युनेस्कोने देशोदेशीचे अभ्यास तपासून २०१८ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हे शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं आढळलेलं नाही. उलट काही ठिकाणी ती सुरुवात लांबली. बाहेरचं नको असेल तर घरचं घ्या. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच गैरसमज खोडून काढला, आणि ते करताना महाराष्ट्रातल्या नऊशेहून जास्त किशोरवयीनांच्या अभ्यासाचा दाखला दिला: शास्त्रीय माहिती न मिळालेल्या मुलांमध्येच लवकर सुरुवात होण्याची शक्यता जास्त दिसली.

‘पाश्चात्त्य थेरं’ यावर फार वेळ घालवत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं ते याच मुंबईत. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते मराठीत. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. थेरं असलीच तर आपल्या घरची आहेत.

गर्भपाताचा मुद्दा मात्र सरळसरळ खोटा. कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलीचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवण्याचं बंधनही आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सवलत दिली ती एवढीच, की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. यात ‘आईबापांना अंधारात’ कुठे आलं?

आणि या दवाखान्यांत चालतं काय? २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ही सोय आहे. आपल्याकडे ‘मैत्री’ नावाने. आहार, रक्तातलं लोह, पाळीच्या तक्रारी, व्यसन, मनाचं आजारपण, मारहाण, हे सगळं त्यात येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. मेसेज लिहिणाऱ्याला या सगळ्यात फक्त गर्भपात दिसला, त्याला काय करणार!

एक तक्रार मला मान्य आहे. मुलांना काय शिकवणार हे शाळा पालकांना धड सांगत नाहीत. सांगायला हवं, आधी बोलावून, धडे समोर ठेवून. मी तो डबाही दाखवते, चिठ्ठ्यांसकट. (अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही, ही अट.)

राहिलं ‘वेगळे दवाखाने कशाला?’ माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची पाळी तीन महिने आली नव्हती. आई कामावर, म्हणून तिला विचारून मी सोबत नेहमीच्या दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने काचेआडून मोठ्यांदा विचारलं, “काय होतंय?” मागे वीसेक माणसं, त्यात तिच्याच चाळीतले एक काका. ती म्हणाली, “डोकं दुखतंय.” मी काही बोलायच्या आत त्याने तेच लिहिलं, आणि आत डॉक्टरांनीही कागद बघून डोकेदुखीचीच गोळी दिली.