पिकासाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरोघरचे जुने कॉम्प्युटर बदलायला निघाले. त्याच सुमारास एक जुनाच मेसेज पुन्हा फिरू लागला. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा टाकणारा पहिल्यांदा टाकणाराच होता.

मेसेज थोडक्यात असा: पिकासा (गूगलचं फोटो लावायचं आणि सुधारायचं फुकटचं सॉफ्टवेअर) बंद झालंय, त्यातले फोटो कधीही उडतील, लगेच अनइन्स्टॉल करा. फोल्डरमधल्या पिकासाच्या नावाच्या फाइली कचरा आहेत, त्या काढून टाका. फोटो गूगल फोटोजवर चढवा, तुमचं सगळं काम आपोआप तिथे येतं, तेही फुकट. एडिटिंग करायचं असेल तर फोटोशॉपला पर्याय नाही.

पिकासा बंद झालंय हे खरंच आहे, पण ही बातमी शिळी आहे. गूगलने १२ फेब्रुवारी २०१६ ला ते जाहीर केलं आणि १५ मार्चपासून कॉम्प्युटरवरच्या पिकासाचा सपोर्ट थांबवला. फोटो उडण्याचं म्हणाल, तर फोटो पिकासाच्या पोटात कधी नव्हतेच. ते तुमच्या डी ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये आहेत, पिकासा फक्त तिथे डोकावून दाखवतं. ते अनइन्स्टॉल केलं तरी एकही फोटो हलत नाही. अपवाद अल्बमचा. वेगवेगळ्या फोल्डरमधून वेचून जे अल्बम केलेत ते फक्त पिकासालाच कळतात, ते मात्र पिकासाबरोबर जातात.

आता त्या ‘कचऱ्या’कडे येऊ. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

पिकासात फोटो सरळ केला, कापला, उजळला, तरी मूळ फाइलला ते हात लावत नाही. काय केलं एवढंच त्याच फोल्डरमधल्या एका लपवलेल्या आयएनआय फाइलमध्ये (साध्या अक्षरांतली नोंदवही) टिपून ठेवतं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. चौकोनी कंसात फोटोचं नाव, खाली ‘स्टार’, मग ‘फिल्टर्स’ची ओळ: क्रॉप, टिल्ट, एन्हान्स आणि पुढे आकडे. त्याखाली ‘फेसेस’, म्हणजे कोणाचा चेहरा कुठे आहे त्याच्या चौकटी. दिसायला खरंच कचरा. पण तुम्ही रात्र रात्र बसून केलेलं काम म्हणजे ती ओळ.

हे मला ठाऊक आहे कारण मी स्वतः ते घालवलंय. आत्याचे फोटो नव्या कॉम्प्युटरवर नेताना मी एकेक फोल्डर उघडून सगळं सिलेक्ट करून कॉपी केलं. लपवलेल्या फाइली दिसतच नव्हत्या, त्यामुळे सिलेक्टही झाल्या नाहीत. जुनी डिस्क फॉरमॅट करून टाकली. मग आत्याने मुंजीचे फोटो उघडले, तर मांडव पुन्हा तिरका, आणि तिने महिनाभर खपून कापून काढलेले कोपऱ्यातले प्लास्टिकच्या खुर्च्यांचे ढीग परत हजर. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा काही काढायच्या आधी जुन्या पिकासात प्रत्येक फोल्डरवर ‘सेव्ह’ दाबा. मग बदल खरोखर फोटोत उतरतात आणि मूळ प्रत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये राहते. पिकासा ३.९ असेल तर ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पेरिमेंटल’ खाली चेहऱ्यांची नावं फोटोतच लिहायची सोयही आहे. हे दोन्ही झालं की मग खुशाल अनइन्स्टॉल करा.

‘सगळं काम आपोआप येतं’ ही थाप अगदीच हवेतून आलेली नाही. नेटवरच्या पिकासा वेब अल्बमचे फोटो गूगल फोटोजमध्ये खरंच आपोआप गेले होते. पण ती गोष्ट नेटवरच्यांची. घरच्या डिस्कवरून चढवाल तर फाइल जशी आहे तशी जाईल, म्हणजे मांडव तिरकाच. फुकटाची मर्यादा १ जून २०२१ पासून १५ जीबी, आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही भागवायचं. शिवाय तिथून बाहेर पडताना टेकआउटने (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) फोटो उतरवले, तर प्रत्येकाची माहिती जेसॉन नावाच्या वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये हातात येते. म्हणजे उद्या तिलाही कोणीतरी कचरा म्हणणार.

फोटोशॉपचं थोडक्यात. एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं फोटोशॉप २०१२ चं सीएस६, त्यानंतर भाडंच. (आपल्याकडे ते कसं ‘घेतात’ हा विषय नको.) आणि ते एकेक फोटो दुरुस्त करणारं कारागीर आहे. वीस वर्षांचे फोल्डर लावून ठेवणं हे त्याचं कामच नाही, आणि पिकासाचं मुख्य काम तेच होतं.

या मेसेजला उत्तर म्हणून दुसरा गट ‘काही बदलू नका, पिकासा अजून चालतं’ असं म्हणतो. विंडोजवर चालतं, खरंय. मॅकवर मात्र २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नाही. आणि आयफोनचे हाइक (एचईआयसी या नव्या प्रकारच्या फाइलीतले) फोटो त्याला दिसतच नाहीत, त्यामुळे भाचीने पाठवलेलं अर्धं बारसं गायब. गूगलने डाउनलोड काढून टाकलंय, तेव्हा इन्स्टॉलर कुठल्या तरी भलत्या साइटवरून आणावा लागतो. तो मी कोणाला आणायला सांगणार नाही.

मी डिजिकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि सेटिंगमध्ये सांगितलं की नावं, मथळे, तारे फोटोच्या फाइलमध्येच लिहितं. पिकासाने फोटोत लिहिलेले चेहरेही ते वाचतं. निवडताना मी एवढंच पाहिलं: एका फोटोला नाव दिलं, तो फोटो पेनड्राइव्हवर टाकला आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडला. नाव दिसलं.

आत्याला ते आवडलेलं नाही. पिकासातलं ‘आय ॲम फीलिंग लकी’ एका टिचकीत चेहरे उजळायचं, इथे आधी एडिटर उघडा, मग रंगांच्या मेन्यूत शिरा. तिचं बरोबर आहे. सध्या मुंजीचे फोटो ती पुन्हा सरळ करते आहे, साठेक झालेत. खुर्च्या मी कापतो.