अक्षरी रुपये फक्त

एक्सेलमध्ये थायलंडच्या बाटसाठी अक्षरी रकमेचा फॉर्म्युला आयताच दिलेला आहे, बाटटेक्स्ट म्हणून. आकडा द्या, थाई लिपीत रक्कम लिहून हजर. आपल्या रुपयाले काहीच नाही! गल्लोगल्ली बिलं फाटून राहिली, प्रत्येकावर खाली 'अक्षरी रुपये' लागतेच, अन् आपण बाहेरची अॅड-इन (एक्सेलले वरून जोडायचा प्रोग्राम) शोधत फिरायचं.

तशी एक टाकली आमच्या इतवारीतल्या ऑफिसात. फॉर्म्युला खालपर्यंत ओढला, लाख-हजार बरोब्बर. फाइल साहेबांकडे गेली, त्यांनी कुठंतरी एफटू-एंटर मारलं, फॉर्म्युला नव्यानं चालला अन् तिथं हॅश नेम, म्हणजे 'हा फॉर्म्युला ओळखीचा नाही'. अॅड-इन माझ्या मशीनवर, त्यांच्याकडे कशी असणार? वर फॉर्म्युल्यात माझ्या सी ड्राइव्हचा अख्खा पत्ता, तो पाहून साहेब फोनवर म्हणे, "व्हायरस पाठवता का?" अॅड-इन त्यांच्याकडे पाठवावी तर 2022 पासून नेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो (आत लिहिलेला प्रोग्राम) मायक्रोसॉफ्ट ऑफिसच अडवून धरते.

हे सारं ट्रान्सपोर्टवाले काका ऐकून राहिले होते. चेकसाठी सकाळपासून कूलरसमोरची एकुलती एक खुर्ची अडवून बसलेले, सारी हवा त्यांच्या शर्टात, आम्ही घामानं निथळतोय.

"माह्या बिलावर आकडा आहे न?"

"आहे काका."

"अक्षर नाही?"

"इथं आहे, तिथं नाही."

"अन् थायलंडचं चालते म्हन्ता?"

"ते चालते."

"मंग थेच टाका न भाऊ! साहेब कुठं वाचते? सही मारते फक्त."

"काका, बिल रुपयाचं आहे."

"मंग चेक द्या, बिल ठेवा तुमच्यापाशी."

यावर काय बोलणार? शेवटी सारा रकाना कॉपी करून पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज केला. फॉर्म्युला गेला, नुसती अक्षरं राहिली. म्हणजे अॅड-इन आणली कशाले, हाताने टाइप केलं असतं तर दुपारी घरी जेवून आलो असतो! अन् नाव कोणाचं खराब? माझं. त्या थायलंडवाल्याचं कोणी नाव घेत नाही.

फाइल परत गेली. साहेबांनी लगेच काकांच्या भाड्यातून दोन हजार कापले. आकडा बदलला, अक्षरं जुनीच. परत फोन, परत माझ्यावरच आवाज.

काका तेवढ्यात उठून माझ्या स्क्रीनपाशी आले, चष्मा कपाळावर.

"अक्षरात जास्त आहे का?"

"हो, दोन हजार."

"मंग अक्षर खरं. कायदाच आहे तसा."

कायदा आहे, खरंच. 1881 चा, कलम 18, पण तो चेक-हुंडीचा, भाड्याच्या बिलाचा नाही, हे मी सांगत बसलो अन् काका आरामात परत कूलरपुढे जाऊन बसले.

"थे तुम्ही साहेबाले समजावा. मी बसलोच आहो."